मासेमारी अनुदानाचा जागतिक करार गावात कसा वाचावा

डिझेलचा परतावा रखडला किंवा अनुदानाची एखादी योजना बदलली, की किनारी गावांत एक वाक्य फिरू लागते: "जागतिक व्यापार संघटनेने मासेमारीची सबसिडी बंद केली." लगेच दोन तट पडतात. ट्रॉलरमालकांना वाटते आपल्यावर गदा आली. रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे मोठे जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांना, वाटते आपले गाऱ्हाणे अखेर जिनिव्हापर्यंत, म्हणजे संघटनेच्या मुख्यालयापर्यंत पोचले. संघटनेचा मासेमारी अनुदान करार मात्र कोणी उघडलेला नसतो. तो अवघ्या बारा कलमांचा आहे आणि एका दुपारी वाचून होतो. वाचनालय, मच्छीमार सोसायटी, कॉलेजचा वर्ग किंवा ग्रामसभेच्या आधीची बैठक, यांपैकी कुठेही तो नीट वाचता यावा म्हणून ही पद्धत.

एक गोष्ट पहिल्या मिनिटापासून ध्यानात धरावी. करारातली विभागणी देशादेशांमधली आहे. रापण आणि ट्रॉलर यांच्यातला गोव्याचा जुना तंटा त्यात कुठेच नाही. तो तंटा पणजीत आणि दिल्लीत सुटायचा आहे, आणि जिनिव्हाच्या कागदात त्याचे उत्तर शोधणाऱ्या दोन्ही बाजूंची निराशा होते.

कागद आणि एक नकाशा

मूळ मजकुराचा दस्तऐवज क्रमांक डब्ल्यूटी/एमआयएन(22)/33, रोमन अक्षरांत WT/MIN(22)/33. संघटनेच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की मजकूर मिळतो, पण फक्त इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये. छापताना कागदाच्या एकाच बाजूला छापा आणि समास रुंद ठेवा. या करारातला निम्मा जीव तळटिपांत आहे, त्यांच्या शेजारी लिहायला जागा हवी. सोबत अनुदाने आणि प्रतिरोधक उपायांच्या संघटनेच्याच जुन्या कराराची फक्त पहिली दोन कलमे छापून घ्या. अनुदान कशाला म्हणायचे हे तिथे ठरते आणि मासेमारीचा करार त्याच व्याख्येवर उभा आहे.

तिसरा कागद गोव्यातला: मत्स्योद्योग खात्याच्या चालू योजनांचे अर्ज आणि त्यांवरच्या अटी. बातमीचे कात्रण चालणार नाही. अनुदान कोणाला, कशावर, किती मर्यादेपर्यंत हे अर्जावरच लिहिलेले असते. चौथा कागद कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचा, म्हणजे सीएमएफआरआयचा, मत्स्यसाठ्यांच्या स्थितीवरचा अहवाल.

नकाशा स्वतः काढा. मोठ्या ड्रॉइंग शीटवर 1 सेंटीमीटरला 10 किलोमीटर असे प्रमाण धरा आणि एका कडेला किनारा आखा. किनाऱ्यापासून अर्ध्या सेंटीमीटरवर पहिली रेषा: गोव्याच्या 1980 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली यांत्रिक बोटींना मनाई असलेला 5 किलोमीटरचा पट्टा. 2.2 सेंटीमीटरवर दुसरी: 12 सागरी मैल, जिथवर राज्याचा मासेमारी कायदा चालतो. 37 सेंटीमीटरवर तिसरी: 200 सागरी मैल, भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्राची, म्हणजे जिथल्या मासळीवर भारताचा हक्क चालतो त्या पाण्याची हद्द. त्यापलीकडे खुला समुद्र. हा कागद भिंतीवर लावला की निम्मे गैरसमज आपोआप गळतात. ज्या पट्ट्यावरून गोव्यात मारामाऱ्या झाल्या तो अर्धा सेंटीमीटरचा आहे, आणि ज्या समुद्रावरून देश भांडतात तो शीटच्या पार पलीकडे सुरू होतो.

तारखा आधी सोडवून घ्या

चर्चा बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. मंजूर होणे, स्वीकारणे, अमलात येणे आणि बंधनकारक होणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत.

जिनिव्हातल्या बाराव्या मंत्रिपरिषदेत 17 जून 2022 रोजी करार मंजूर झाला. तेवढ्याने तो कोणालाच लागू झाला नाही. संघटनेच्या 166 सदस्यांपैकी दोन तृतीयांशांनी, म्हणजे 111 जणांनी, स्वीकारपत्र द्यायला हवे होते. तो आकडा भरला तेव्हा, 15 सप्टेंबर 2025 रोजी, करार अमलात आला. पण ज्यांनी स्वीकारपत्र दिले त्यांच्यापुरताच. त्या दिवशी भारत त्यांच्यात नव्हता. म्हणून गोव्यातला डिझेलचा परतावा थांबला असेल तर त्याचे कारण राज्याच्या तिजोरीत किंवा अर्जाच्या फायलीत शोधावे. बैठकीच्या आदल्या दिवशी संघटनेच्या संकेतस्थळावरची स्वीकाराची यादी मात्र पुन्हा पाहून घ्या. तिच्यात भारताचे नाव आले तर पुढची सगळी चर्चा बदलते.

आणखी दोन मुदती शीटच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. विकसनशील देशांना स्वतःच्या 200 मैलांच्या आत दोन वर्षांची सूट आहे. ती करार अमलात आल्यापासून मोजली जाते, देशाने स्वीकारल्यापासून नव्हे. म्हणजे ती सप्टेंबर 2027 मध्ये संपते, भारत उशिरा आला तरी. दुसरी मुदत बाराव्या कलमात आहे: अमलात आल्यापासून चार वर्षांत, म्हणजे सप्टेंबर 2029 पर्यंत, उरलेले व्यापक नियम ठरले नाहीत आणि सर्वसाधारण परिषदेने वेगळा निर्णय घेतला नाही, तर हा सगळा करारच आपोआप संपुष्टात येतो. घाई कोणाला आणि सवड कोणाला, हे या दोन तारखांवरून कळते.

पैसा करारात बसतो का

आता योजनांचे अर्ज काढा आणि एकेका योजनेला तीन प्रश्न विचारा.

सरकारकडून आर्थिक लाभ मिळतो का? रोख रक्कमच असायला हवी असे नाही. सरकारने सोडून दिलेला करही अनुदान ठरतो, म्हणून डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा यात येतो. लाभ ठरावीक धंद्यापुरता आहे का? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. फक्त मासेमारी बोटींना डिझेल स्वस्त मिळत असेल तर ते 'विशिष्ट' अनुदान, आणि करार त्याला हात घालू शकतो. एखाद्या देशाने शेतकरी, मालवाहतूकदार, मच्छीमार अशा सगळ्यांनाच इंधनावर कर माफ केला तर तो लाभ विशिष्ट ठरत नाही आणि करारातून निसटतो. पैसा तितकाच, समुद्रावर परिणाम तोच, पण एक देश अडकतो आणि दुसरा सुटतो. ही फट अन्यायाची आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रश्न: अनुदान समुद्रातल्या नैसर्गिक मासळीच्या मासेमारीसाठी आहे का? पहिल्या कलमाची तळटीप मत्स्यशेती आणि गोड्या पाण्यातली मासेमारी बाहेर काढते. कोळंबीच्या तळ्यांना मिळणारे पैसे या चर्चेत आणू नका, उगाच अर्धा तास जातो.

एक बोट, एक मासळी

इथून पुढे हवेत बोलू नका. फळ्यावर एक बोट लिहा: कुटबणचा ट्रॉलर, डिझेलचा परतावा घेणारा. दुसरी बोट: बाहेरचे इंजिन लावलेली होडी, इंजिनासाठी अनुदान घेतलेली. मासळी दोन: बांगडा आणि विसवण. भारताने करार स्वीकारला आहे आणि दोन वर्षांची सूट संपली आहे असे क्षणभर धरा, आणि या चारही गोष्टी तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या कलमातून पुढे न्या.

तिसरे कलम बेकायदा, नोंद न झालेल्या आणि अनियंत्रित मासेमारीचे. अशा बोटीला किंवा तिच्या चालकाला अनुदान देता येत नाही. चालक कोण? मालक, तसेच बोट ज्याच्या ताब्यात किंवा हुकमाखाली आहे तो कोणीही. म्हणजे बोट चालवणारा तांडेलही. ट्रॉलरने एलईडी दिवे लावून मासे पकडले असे समजू. केंद्राने 2017 मध्येच त्यावर बंदी घातली आहे, म्हणजे कृत्य बेकायदा. पण ते बेकायदा होते असा निष्कर्ष काढायचा कोणी? आपल्या पाण्यात तो अधिकार किनारी देशाचा, म्हणजे भारताचाच. शिवाय एक तळटीप स्पष्ट सांगते की चौकशी सुरू करायची किंवा निष्कर्ष काढायचा अशी सक्ती कोणत्याही देशावर नाही. गस्तनौका गेलीच नाही, पंचनामा झालाच नाही, तर करार गप्प राहतो. एलईडीविरुद्ध लढणाऱ्यांनी ही तळटीप दोनदा वाचावी. जागतिक करार आला म्हणून रात्री समुद्रात कोणी दिवे विझवणार नाही. राज्याने बोट पकडून नोंद केली, तरच पुढची साखळी सुरू होते.

चौथे कलम अतिमासेमारी झालेल्या साठ्याचे. इथे बांगडा आणि विसवण यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि बैठकीत लोक खरे जागे होतात ते इथेच. साठा संपत चालला आहे हे किनारी देश ठरवतो किंवा त्या माशाची जबाबदारी असलेली प्रादेशिक संघटना. बांगड्याला अशी संघटना नाही, त्यामुळे आपल्या पाण्यातल्या बांगड्याचा निकाल भारतच देणार, उपलब्ध शास्त्रीय पुराव्यावर. विसवण मात्र सेशेल्समधल्या हिंदी महासागर ट्यूना आयोगाच्या 16 जातींच्या यादीत आहे, कुपा वगैरे ट्यूनांच्या सोबत. भारत त्या आयोगाचा सदस्य आहे. म्हणजे ताटातल्या एका माशाचा हिशेब कोचीत होतो आणि दुसऱ्याचा परदेशातही. आयोगाची शास्त्रीय समिती दर जातीच्या स्थितीचा गोषवारा काढते. विसवणाचा ताजा गोषवारा छापून आणा.

साठा अतिमासेमारीचा ठरला तरी दार पूर्ण बंद होत नाही. तो साठा पुन्हा भरून यावा यासाठी उपाय चालू असतील तर अनुदान देता येते. गोव्यातली 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी असा उपाय म्हणून मांडता येईल का, यावर चर्चा जरूर घ्या. ती मांडायची तर बंदीमुळे साठा किती सुधारला हे दाखवावे लागेल. 'बंदी पाळतो' एवढे म्हणणे पुरणार नाही.

पाचवे कलम मुख्यतः कोणत्याही देशाच्या किंवा प्रादेशिक संघटनेच्या कक्षेबाहेरच्या खुल्या समुद्राबद्दल आहे. आपल्या दोन्ही बोटी तिथवर जात नाहीत, म्हणून ते भराभर वाचा. फक्त शेवटच्या ओळीवर थांबा: ज्या साठ्याची स्थितीच माहीत नाही, तिथे अनुदान देताना खास काळजी घ्यावी.

आता होडीकडे या. या बारा कलमांत छोट्या मच्छीमारासाठी वेगळी सवलत कुठे आहे, असे सगळ्यांना शोधायला सांगा. सापडणार नाही. सूट आहे ती देशाच्या विकासाच्या स्थितीवरून. बोटीच्या लांबीवरून किंवा जाळ्यावरून नाही. तौक्तेसारख्या वादळानंतरच्या मदतीसाठी अकराव्या कलमात अटी आहेत: ठरावीक आपत्ती, ठरावीक भाग, ठरावीक मुदत, आणि ताफा उभा करायचा तर आधी होता तितकाच. तिथेही तिसरे आणि चौथे कलम सुटत नाही. रापणकाराला वाटते हा करार आपल्या बाजूचा आहे. मजकुरापुरते पाहिले तर होडी आणि ट्रॉलर एकाच ओळीत उभे आहेत.

खरा वाद उरलेल्या भागाचा

इंधन, इंजिन, नवी बोट, बर्फ, विमा अशा रोजच्या अनुदानांमुळे बोटींची संख्या आणि ताकद वाढते. त्यांच्यावर नियम घालायचा दुसरा भाग 2024 मध्ये अबू धाबीच्या मंत्रिपरिषदेत एकमत न झाल्याने अडला. या संघटनेत निर्णय एकमताने होतात, त्यामुळे थोडे देशही गाडी थांबवू शकतात. या भागाचे मसुदे वाचताना चौकटी कंसांकडे पाहा. कंसातला मजकूर म्हणजे अजून न ठरलेला. कंसातले वाक्य 'असा नियम आहे' म्हणून उद्धृत करणे ही नेहमीची चूक आहे.

भारताची मागणी अशी: दूरच्या समुद्रात जाऊन मासे पकडणाऱ्या देशांनी 200 मैलांबाहेरची अनुदाने 25 वर्षे थांबवावीत आणि विकसनशील देशांना ताफा वाढवायला 25 वर्षांची मुदत द्यावी. समुद्र ज्यांनी उपसला त्यांनी आधी भरपाई करावी, हा यामागचा विचार. तो न्याय्य आहे. पण विरोधी बाजूही पूर्ण ताकदीने मांडा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 2025 च्या आढाव्यात जगातले 35.5 टक्के सागरी साठे अतिमासेमारीचे निघाले. 25 वर्षे हा काळ माशांच्या कितीतरी पिढ्यांचा आहे. आणि किनाऱ्यालगतची गर्दी परदेशी जहाजांची नसते, ती आपल्याच ट्रॉलरांची असते. उलट सीएमएफआरआयच्या 2022 च्या अहवालात तपासलेल्या 135 साठ्यांपैकी 91.1 टक्के टिकाऊ स्थितीत दाखवले आहेत. हे दोन आकडे एकमेकांना खोडत नाहीत. एक जगाचा आहे, दुसरा भारताच्या किनाऱ्याचा. ते एका वाक्यात शेजारी ठेवले की बैठक भरकटते.

मसुद्यात एक सवलत होती: जगातल्या सागरी मासेमारीत 0.8 टक्क्यांहून कमी वाटा असलेल्या विकसनशील देशांना सूट. हे गणित फळ्यावर करून घ्या. 2022 मध्ये जगात समुद्रातून सुमारे 797 लाख टन पकड झाली. त्याचे 0.8 टक्के म्हणजे साधारण 6.4 लाख टन. भारताची 2023 ची सागरी पकड सुमारे 35.3 लाख टन. भारत या सवलतीत बसत नाही, हे दोन मिनिटांत दिसते. 'पण गोवा तर एवढासा' असे कोणी ना कोणी म्हणेल. हिशेब देशाचा आहे, राज्याचा नाही.

आणखी एक आकडा तपासायला शिका. भारत सांगतो की आपल्याकडे मच्छीमारामागे वर्षाला जेमतेम 15 डॉलर अनुदान पडते आणि श्रीमंत देशांत हजारो डॉलर. 'मच्छीमार' म्हणून मोजले कोणाला, यावर असा आकडा लवचिक होतो. समजा 10 कोटी रुपये वाटले. समुद्रात जाणारे 10 हजार जण धरले तर माणशी 10,000 रुपये. मासे विकणाऱ्या, सुकवणाऱ्या बायका आणि जाळी विणणारे धरून 40 हजार झाले तर माणशी 2,500. दोन्ही खरे. शिवाय डिझेलचा परतावा बोटमालकाच्या खात्यात जातो, खलाशाच्या नाही. सरासरीत हे झाकले जाते.

बैठक कशी लावावी

बारा ते वीस माणसे, दोन तास. बंदीचा काळ सोयीचा, कारण ट्रॉलरमालक आणि तांडेल किनाऱ्यावर असतात. पण दोन गोष्टी सांभाळा. बिगरयांत्रिक होड्या बंदीतही जातात, म्हणून सकाळ टाळून दुपार ठेवा. रविवार असेल तर चर्चमधल्या मिसची वेळ सोडून. आणि ओडिशा, झारखंड, कर्नाटकातले खलाशी त्या दोन महिन्यांत गावी गेलेले असतात. ते ऑगस्टमध्ये परतले की जेटीवरच त्यांची वेगळी छोटी बैठक घ्या, हिंदीतून. मासळी बाजारातल्या बायकांनाही बोलवा. त्यांच्या हाती ना बोट ना अनुदान, तरी कोणता मासा किती लहान येऊ लागला हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते.

बोलणे कोकणीत होईल, होऊ द्या. नोंद मराठीत ठेवा आणि प्रत्येक मुद्द्यासमोर कलम व तळटिपेचा क्रमांक लिहा. ज्या मुद्द्यासमोर क्रमांक लिहिता येत नाही तो 'आपला तंटा' या दुसऱ्या कागदावर टाका. 5 किलोमीटरचा पट्टा, बुल ट्रॉलिंग (दोन बोटींनी मिळून एक जाळे ओढणे), पर्सीन जाळी (माशांचा थवा घेरणारी), गस्त, जेटीवरची गर्दी हे सगळे त्या कागदावर जाईल. अमेरिकेने भारताच्या समुद्रातल्या कोळंबीवर 2019 पासून घातलेली आयातबंदीही या करारातली नाही. ती कासवे सुटावीत म्हणून जाळ्यात बसवायच्या साधनासंबंधीच्या अमेरिकी कायद्याखाली आहे. त्याच कायद्याविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी संघटनेत दावा केला होता आणि 1998 मध्ये अपील मंडळाचा निकाल आला होता. ते अपील मंडळ 2019 च्या डिसेंबरपासून ठप्प आहे, म्हणून 'तंटा झाला तर संघटना निकाल देईल' हे वाक्यही आज जपूनच वापरावे.

पहिला कागद, म्हणजे कलमांच्या क्रमांकांसह केलेली नोंद, निवेदन होऊन केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाकडे आणि गोव्याच्या खासदारांकडे जातो. वाटाघाटी वाणिज्य मंत्रालय करते, मत्स्य मंत्रालय नव्हे. निवेदन दोन पानांपलीकडे नको, आणि त्यात मागणी एकच असावी. उदाहरणार्थ, दुसऱ्या भागात छोट्या मच्छीमारांची सवलत देशाच्या नावावर न देता बोटीच्या प्रकारावर द्यावी.

दुसरा कागद पणजीचा. मत्स्योद्योग खात्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. विचारायचे एवढेच: गेल्या तीन आर्थिक वर्षांत ट्रॉलर, पर्सीन बोटी, इंजिनाच्या होड्या आणि बिनइंजिनाच्या होड्या यांना वर्षनिहाय एकूण किती अनुदान दिले, त्याच काळात एलईडी, बंदीभंग आणि 5 किलोमीटरच्या पट्ट्यातील घुसखोरीबद्दल किती बोटींवर कारवाई झाली, आणि त्यांपैकी किती बोटींचे अनुदान रोखले. बोटमालकांची नावे मागू नका, त्यावरून अर्ज अडवला जाऊ शकतो. वर्ग आणि रकमा पुरेशा आहेत. उत्तरातले शेवटचे दोन आकडे तिसऱ्या कलमाशेजारी चिकटवा आणि पुढची बैठक तिथून सुरू करा.